ऊत्, रे, मी, फा… आणि तो बोकड

मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं, की डो रे मी ही पाश्चात्य सुरांची नावं आपल्या सारेगम वरूनच गेलीत ना, व्हॉट्सअ‍ॅपवर तसं आलंय म्हणे. तर नाही. त्याची जन्मकथा लिहिलेली सापडते, म्हणून आज तिथूनच सुरू करू.

हजारेक वर्षांपूर्वी इटलीत ग्विडो नावाचा एक साधू, पोम्पोझाच्या मठात पोरांना गाणं शिकवायचा. गाणं म्हणजे लॅटिन प्रार्थना, सगळ्यांनी मिळून एकच चाल, ना साथ ना ताल, शब्दांच्या ओघानं जायचं, ग्रेगोरियन चांट म्हणतात ते हेच. आता दिवसातून आठ वेळा प्रार्थना, त्यात वर्षभराचे सण, त्यांच्या चाली वेगळ्या, पाठांतर किती होत असेल बघा! पोथीत शब्दांवर खुणा असायच्या, पण त्या एवढंच सांगायच्या की आवाज वर जातोय का खाली, किती ते नाही. म्हणजे ज्याला चाल येतेय त्यालाच उपयोग. ग्विडो एका पत्रात लिहितो की दहा वर्षं घालवूनही पोरांना धड येत नाही, आणि माझ्या पद्धतीनं एक, फार तर दोन वर्षांत येतं.

पद्धत काय? एक तर रेघा आखल्या, फा ची लाल आणि आज आपण ज्याला डो म्हणतो त्याची पिवळी, की नजर चुकायला नको. आणि दुसरं म्हणजे सेंट जॉनचं एक स्तोत्र घेतलं, ज्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते. जरा पेटी पुढे सरकवा. पांढरी एकचा सा धरा. ऊत् क्वेआन्त लाक्सिस, इथे. मग रेसोनारे, रे वर. मिरा, फामुली, सोल्वे, लाबी… आलं लक्षात? पहिली अक्षरं उचलली, ऊत् रे मी फा सोल ला, झालं. ऊत् चा डो खूप नंतर झाला, सातवा सी पण नंतरचा. आणि गंमत म्हणजे पुढे या पद्धतीतला ऊत् आपल्या सा सारखाच हलता झाला, ठरलेल्या तीन जागांपैकी कुठूनही धरा, मी आणि फा मधलं अंतर तेवढंच अर्धं, आपल्या शुद्ध ग आणि म मधलं.

मठातले बाकीचे जळायला लागले, हे पण त्यानंच लिहिलंय. मग तो इटलीतल्याच अरेझो शहरात गेला, तिथून थेट पोप जॉन १९वा यांनी रोमला बोलावलं, त्याची पोथी उलटसुलट बघितली, आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गाऊन दाखवेपर्यंत जागचे उठले नाहीत! गुरूच्या गळ्याशिवाय गाणं. आपल्याकडे आजही यावर भांडणं होतात. त्यात तथ्यही आहे हां, कारण जुन्या खुणांमध्ये गळ्याचे जे हेलकावे होते ते रेघांवर आले नाहीत, एका नागमोडी खुणेवर तर अजून वाद चालू आहे की ती गायची कशी. पण गोव्यात चर्चच्या शाळांत सॉल्फा, म्हणजे डो रे मी म्हणत सूर वाचायची पद्धत, शिकलेले वादक मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात पानं वाचून वाजवायचे, ते याच रेघांच्या जोरावर.

एकदा सूर कागदावर आले की दोन तीन ओळी एकावर एक रचता येतात. पॅरिसला नोत्र दाम चर्चच्या पेरोतँ नावाच्या संगीतकारानं चार ओळींपर्यंत नेलं, ते पुढच्या वेळी.

आज इंग्लंडचं एक पान दाखवतो, १३व्या शतकाच्या मधलं, रेडिंगच्या मठाशी जोडलेलं. वर काळ्या शाईत इंग्रजी: उन्हाळा आला, कोकीळ ओरड, गाय हंबरते, आणि पुढे बोकड… बहुतेक अभ्यासकांच्या मते बोकड पादतो. हसा, हसा. आणि त्याच सुरांखाली लाल शाईत लॅटिन, येशूच्या बलिदानाचं! एकच चाल, दोन्ही शब्द, एकाच पानावर. बाजूला सूचना पण आहे, चौघांनी गायचं, पहिला लाल क्रॉसपाशी पोचला की दुसऱ्यानं सुरू करायचं, आणि खाली दोघं एक छोटी ओळ घोळवत राहणार.

करून बघू का? या बाजूचे दोघं खालची ओळ धरा. तुम्ही पहिले. क्रॉस कुठाय ते बघून ठेवा, आणि शब्द… आज बोकडवाले घेऊ.