काटा चारशेवर

(ड्रोन: कपाशीचं शिवार, शकुंतला रेल्वेचे रूळ, निंबाला बांधलेली तार)

यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं हे शिवार. निंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेली ही तार साधारण २० मीटर लांब आहे. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे रेडिओची साधी, तारेची अँटेना. खाली खोलीत राहतात एक निवृत्त विज्ञानशिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतं, हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे, कॉलसाइननं (परवान्यावरच्या खुणेच्या नावानं) ओळखतात.

(व्हॉल्व्ह, जवळून)

अॅम्प्लिफायर घरीच बांधलेला. ८१३ जातीचे दोन व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या फिलामेंटला १० व्होल्ट, ५ अँपिअर. बघत राहावं असा उजेड.

सिग्नल सोडणारी की दाबली. वॅटमीटरचा काटा ४०० वर.

"चारशे झाले न जी, मास्तर!" हा शेजारचा, आयटीआयला जाणारा पोरगा.

"कोनाच्या हिशेबानं? स्केल कोन आखलं, अन् कशाशी ताडून?"

(कव्हर उघडताना)

हे मीटर वॅट मोजतच नाही. आउटपुटच्या तारेभोवती फेराइटची रिंग आहे. ती करंटचा नमुना घेते, दोन कपॅसिटर व्होल्टेजचा. दोन्ही मिळून डायोडमधून जातात, डीसी होतात, आणि काटा हलतो. वॅट फक्त स्केलवर छापलेले. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे व्होल्टेजमध्ये ५ टक्के चूक म्हणजे वॅटमध्ये १० टक्के. कमी पॉवरला डायोड स्वतःच थोडं व्होल्टेज खातो. शिवाय सगळं एका प्रीसेटवर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या छोट्या रेझिस्टरवर बेतलेलं, आणि तो फिरवलेला एकाच फ्रिक्वेन्सीवर. हॅम मंडळींत मानाचा असलेला बर्ड ४३ वॅटमीटरसुद्धा पूर्ण स्केलच्या ५ टक्के चुकीची मुभा ठेवतो. १००० वॅटचा एलिमेंट (पूर्ण स्केल किती वॅटचं ते ठरवणारा, बदलता येणारा भाग) लावला तर ५० वॅट इकडेतिकडे, मग काटा ९०० वर असो की १०० वर. आणि आपण मात्र चकचकीत डिजिटल आकड्यावर, दशांशासकट, विश्वास टाकतो!

(डबा, ऑइल, थर्मामीटर)

पत्र्याच्या डब्यात ४ लिटर ट्रान्सफॉर्मर ऑइल, त्यात बुडवलेला ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर. अँटेना काढून अॅम्प्लिफायर याला जोडला. हवेत काही जात नाही, सगळी पॉवर ऑइल तापवते. अँटेनावर हे जमलं नसतं. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळत नाही ते सांगणारं गुणोत्तर) २ असला तर ११ टक्के पॉवर परत येते, आणि पुढे जाणाऱ्या पॉवरचा काटा तीही धरूनच आकडा दाखवतो.

आता ऑसिलोस्कोप, मध्ये रेझिस्टरांचा डिव्हायडर. ही लाट बघा. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ३६० व्होल्ट. निम्मे १८०, आरएमएस (तेवढीच उष्णता देणारं डीसी व्होल्टेज) १२७. वर्ग करून ५० ने भागा: ३२४ वॅट.

काटा ४०० म्हणतो, स्कोप ३२४.

पण स्कोपचं तरी खरं कशावरून? पहाटेची वेळ त्यासाठीच निवडली. दुपारी खोलीच तापते, आणि शिवारातले पंप चालू झाले की लाइनचं व्होल्टेज बसतं. ऑइल ३१ अंशांवर. की दाबून ठेवली, ३ मिनिटं. ऑइल ढवळलं. ४० अंश.

मग वाट पाहिली, पुन्हा ३१ अंश होईपर्यंत. आता त्याच लोडला रेडिओ नाही, डिमरस्टॅट, म्हणजे घरच्या लाइनचं व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला. (डिमरस्टॅट लाइनपासून वेगळा नसतो, त्यामुळे डब्याला अर्थिंग आणि हात दूर.) मल्टिमीटरवर १२७ व्होल्ट, म्हणजे तेच ३२४ वॅट. ५० हर्ट्झवर साधा मल्टिमीटरही नीट मोजतो. पुन्हा ३ मिनिटं. पुन्हा ढवळलं.

(थर्मामीटर, जवळून. निवेदन थांबतं.)

"चाळीस! मंग मीटरच जास्त दाखवून रायलं होतं."

दूरच्या हॅमला हा फरक कळणारही नाही. ४०० आणि ३२४ मध्ये १ डेसिबलही अंतर नाही, आणि सिग्नल रिपोर्टचा एक एस युनिट ६ डेसिबलचा. पण जनरल ग्रेड परवान्याची मर्यादा ४०० वॅट आहे. मीटर उलट बाजूला चुकलं असतं तर ती नकळत ओलांडली गेली असती.

(प्रीसेट, स्क्रूड्रायव्हर)

पुन्हा की दाबून प्रीसेट फिरवला. काटा ३२४ वर. हे फक्त ७ मेगाहर्ट्झपुरतं, आणि स्थिर कॅरिअरपुरतं, म्हणजे आवाज नसलेल्या एकसारख्या लाटेपुरतं. माइकवर बोलताना शिखराची पॉवर हा काटा दाखवू शकत नाही, तो आवाजामागे धावत राहतो. १४ आणि २८ मेगाहर्ट्झसाठी मास्तरांनी वहीत दोन रकाने आखलेत. ऑइल थंड झालं की १४.