एचआरची पदवी: फी किती, हातात किती

(चिपळूण येथे बारावी व पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज मुलांपेक्षा पालकच जास्त दिसताहेत, म्हणजे फीचा आकडा घरोघरी पोचलाय. तिथूनच सुरू करू.

समजा, एचआरमधल्या, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनातल्या, एमबीएसाठी दहा लाखांचं कर्ज काढलं. व्याज 10 टक्के, फेड सात वर्षांत. हप्ता महिन्याला साधारण 16,600 रुपये. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात चढलं की तो आणखी वाढतो. माहितीपुस्तकात छापतात ते सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. सहा लाखांना बाराने भागून महिन्याचे पन्नास हजार धरून बसू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, शिवाय कामगिरीवर मिळणारा, म्हणजे कदाचित न मिळणारा, भागही असतो. उरलेल्यातून तुमचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. ऑफर लेटर वाचून हे गणित ज्याला मांडता येत नाही त्याने एचआरला जाऊ नये. पुढे जन्मभर दुसऱ्यांना हेच समजावून सांगायचं असतं!

आणि ते ‘सरासरी पॅकेज’. साठ जणांच्या वर्गात 55 जणांना चार लाख आणि पाच जणांना 25 लाख मिळाले, तर सरासरी येते पावणेसहा लाख. तेवढा पगार त्या वर्गात एकालाही नसतो. म्हणून पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले, ते विचारा. एचआरसाठी नावाजलेली मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट किंवा जमशेदपूरचं एक्सएलआरआय मिळत असेल तर मात्र उठा, इथे वेळ घालवू नका, अभ्यासाला लागा.

बाकीच्यांनी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीकडे बघावं. रासायनिक कारखान्यात एचआरवाल्याचा दिवस ठेकेदाराच्या माणसांचं हजेरीचं मस्टर, पीएफचं चलन, ईएसआय म्हणजे कामगार विमा आणि अपघाताचे कागद यांत जातो. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी नेमायला लावला. नव्या कामगार संहितेने ती मर्यादा 250 वर आणली. पण या पदाची पात्रता नियमात ठरलेली असते आणि प्रत्येक एचआर एमबीए तिथे चालतेच असं नाही. फी भरण्याआधी तेवढं तपासा.

माझं मत विचाराल तर पदवीनंतर आधी टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे कारखान्यात हजेरी ठेवतात तिथे, चिकटा आणि नोकरी सांभाळून कामगार कायद्याची पदविका करा. महिना 15,000 ची नोकरी सोडून दोन वर्षं शिकायला बसलात तर 3,60,000 रुपये बुडतात. फीच्या हिशेबात ही रक्कम कुणीच धरत नाही.

आता कर्जाचं. साडेसात लाखांपर्यंत बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. आपल्याकडे दाखवायला असतं वडिलोपार्जित घर आणि आंब्याची चार कलमं, आणि सातबाऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईकर, सगळ्यांची नावं! त्यांच्या सह्या मिळायच्या त्या गणपतीला सगळे गावी आले की. तोवर कॉलेजची फी भरायची तारीख गेलेली असते. फी साडेसातच्या आत बसली, तर निदान बोरिवलीच्या काकांना फोन तरी करावा लागत नाही.