पिठोऱ्याची भिंत आधी, नकाशा नंतर

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्याच्या रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. तिथली भिंतीवरची चित्रं खरवडून दुसरीकडे लावा, असं कुणी म्हणणार नाही. पिठोऱ्याचं, म्हणजे राठवा आदिवासींच्या घरातल्या भिंतीवरच्या चित्राचं, मात्र तसंच होतं. छोटा उदेपूरच्या राठवांचा पिठोरा हॉटेलच्या लॉबीत ॲक्रिलिकमध्ये झळकतो, आणि त्यांच्याच नव्या घरांत त्याला भिंत उरत नाही.

पिठोरा नवसाचा असतो. त्याची जागा ठरलेली: ओसरी आणि आतली खोली यांच्यामधली भिंत, शिवाय ओसरीच्या दोन्ही कडेच्या भिंती. कुमारिका आधी शेण-मातीनं आणि मग पांढऱ्या मातीनं ती सारवतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. लखारे म्हणजे चित्रकार रंगवतात, बडवा म्हणजे पुजारी आकृत्या पारखतो, रात्रभर गाणी चालतात. एवढी माणसं बसणार कुठे? ओसरीतच. म्हणून ओसरी ही उरलेली जागा नव्हे, घराचा मुख्य भाग आहे.

ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं. समजा ५ बाय ५. भिंतींची जाडी तूर्त बाजूला ठेवू. सरळ दोन खोल्या पाडल्या, की ओसरी संपली. त्याऐवजी पुढे २ मीटरची ओसरी आणि मागे ३ मीटरची खोली काढा. मधली भिंत पूर्ण ५ मीटर मिळते. तिच्यावर मीटरबोर्ड, नळ, खिडकी काहीही नको. दार कुठे ठेवायचं, ते घरच्यांना विचारा. आणि मोरी पलीकडून या भिंतीला टेकवू नका. ओल झिरपते आणि पांढऱ्या मातीला पोपडे धरतात.

भिंत मातीची असेल तर वर सिमेंटचा गिलावा नकोच. आतली ओल कोंडते, गिलावा पोकळ वाजू लागतो आणि एक दिवस पत्र्यासारखा सुटतो. माती पारखायला काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. हलवून दिवसभर ठेवा. तळाला वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती बसते. चिकणमाती पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी हवी. आपल्या बडोद्याकडची काळी माती आणू नका, ती पाण्यानं फुगते आणि वाळताना फाटते. भाताचा पेंढा बारीक कापून मातीत तुडवायचा, काही दिवस भिजत ठेवायचा आणि १० ते १२ मिलिमीटरचा पहिला थर द्यायचा. त्याला भेगा पडतात, पडू द्या. पुरता वाळला की दुसरा पातळ थर त्या भेगांत दाबून भरायचा. घाई इथेच नडते. जोतं दगडाचं, ४५ सेंटिमीटर तरी, आणि पागोळ्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटर लांब.

हे सगळं विचारायचं कधी? नकाशा मंजूर झाल्यावर ‘सूचना’ मागवणं म्हणजे निव्वळ उपचार. आधीच जागेवर जा, फक्कीनं पूर्ण मापाचं घर जमिनीवर आखा आणि बायकांना त्यात फिरू द्या. चूल, कोठी, गुरं यांची अडचण कागदावर दिसत नाही, तिथे लगेच कळते. पेरणीच्या दिवसांत जाऊ नका. होळीनंतर कवांटची जत्रा असते, तेव्हाही कुणी भेटणार नाही.

हॉटेलवाल्यांनाही एक सांगतो. लॉबीसाठी पिठोरा हवा असेल तर लखाऱ्यालाच बोलवा. विधीविना कोणत्या आकृत्या चालतील, ते त्यालाच ठरवू द्या आणि त्याची मजुरी पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.