लुगोची रोमन तटबंदी: आधी बाहेरून बघा, मग वर चढा

नमस्कार मंडळी! स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसिया प्रांतात, लुगो नावाचं शहर आहे. जुन्या गावाभोवती रोमनांनी बांधलेल्या तटाचा वेढा आजही पूर्ण आहे, कुठेही तुटलेला नाही. 2000 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. लोक येतात, थेट वर चढतात, एक फेरी मारतात आणि उतरतात. पण हा तट नुसता वरून कळत नाही.

म्हणून पहिली फेरी खालून, बाहेरच्या बाजूने. तटाला लागूनच गोल रस्ता आहे, त्याचं नाव रोंदा दा मुराया. घेर साधारण 2.1 किलोमीटर, उंची 8 ते 12 मीटर, जाडी सरासरी सव्वाचार मीटर आणि काही ठिकाणी तर 7 मीटरपर्यंत. मूळचे बुरूज 85 मानले जातात. त्यातले बहुतेक अर्धगोल, थोडे चौकोनी.

[क्लोजअप: दगड]

आता दगडाजवळ या. पातळ, करड्या चिपा दिसतात ना, ती इथली स्लेट. दरवाजांपाशी आणि बुरुजांच्या कोपऱ्यांत घडीव ग्रॅनाइट. हे झालं बाहेरचं अस्तर. आतला गाभा माती, गोटे आणि जुन्या रोमन इमारतींचे घडीव दगड असा भराव घालून केलेला आहे. अडचण नेमकी इथेच येते. भरावात पाणी मुरलं, सांध्यांत झाडांची मुळं शिरली, की बाहेरची स्लेट फुगून सुटते. त्यामुळे तटावरची हिरवळ फोटोत छान दिसली तरी तटाला ती घातकच.

आपल्याकडे गडावर फिरणाऱ्यांना सवय असते, दरवाजा बघून काळ ओळखायची. इथे जपून. आज दरवाजे 10 आहेत, त्यातले 5 मूळ रोमन जागेवरचे. उरलेले 5 गाव वाढलं तसे 1853 नंतर तट फोडून काढले. रोमन जागेवरचेही सगळे रोमन रूपात राहिलेले नाहीत. कॅथेड्रलसमोरचा सान्तियागो दरवाजा सगळ्यात जास्त फोटो खातो, पण त्याचं आजचं रूप 18व्या शतकातलं. खरा रोमन दरवाजा बघायचा तर पोर्ता मिन्या. अरुंद, ठेंगणी कमान, दोन्ही बाजूंना बुरूज. मिन्यो नदीकडे उतरणारी वाट इथूनच निघते. कमानीखाली उभं राहून वर बघा, छताचे दगड नीट दिसतील.

आणखी एक गोष्ट. 1970च्या दशकापर्यंत तटाच्या बाहेरच्या अंगाला घरं चिकटलेली होती. ती पाडल्यावर तट मोकळा झाला. जुन्या फोटोंत तट ओळखू येत नाही, त्याचं कारण हेच.

आता वर चढा. दरवाजांपाशी जिने आहेत. गुडघे दुखत असतील किंवा बाबागाडी असेल तर सान्तियागो दरवाजाजवळचा उतार धरा. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, रुंद आहे, तिकीट नाही, फेरी पाऊण तासात होते. लुगोत पाऊस वरचेवर पडतो, ओल्या दगडावर पाय सटकतो. रबरी तळव्याचे बूट हवेतच. आतल्या बाजूचा कठडा काही ठिकाणी बुटका आहे, लहान मुलांचा हात सोडू नका.

बुरुजांवर मुळात मजले होते, खिडक्या होत्या. बहुतेकांचे गेले. आ मोस्केइरा नावाच्या बुरुजावर मात्र वरच्या मजल्याचा तुकडा आणि 2 खिडक्या टिकल्या आहेत. तो चुकवू नका. बाकीचे 84 बुरूज मूळचे किती उंच असतील, याचा अंदाज त्या एकावरून बांधता येतो.

[नकाशा: गाव आणि तट]

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा तट म्हणजे मूळ रोमन गावाची सीमा नव्हे. लुकुस आउगुस्ती, म्हणजे रोमनांचं लुगो, हे गाव वसलं सम्राट ऑगस्टसच्या काळात, इसवी सनापूर्वी 13च्या सुमारास. तट आला त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, इ.स. 263 ते 276च्या दरम्यान, साम्राज्य डळमळत असताना. तो बांधताना गावाचा काही भाग सरळ बाहेर सोडला, काही मोकळी जमीन आत घेतली. वाटेत आलेली घरं कापली. कॅथेड्रलजवळ ‘दोमुस दो मित्रेओ’ या उत्खननाच्या जागी हे समोरच दिसतं. एका श्रीमंत घराचा भाग तटासाठी गेला. त्याच जागी मिथ्र देवाचं देवघर सापडलं, आणि सातव्या लिजनच्या (रोमन सैन्यदलाच्या) एका सेंच्युरियनने, म्हणजे तुकडीच्या नायकाने, अर्पण केलेली वेदीही. माझ्या मते तटाखालोखाल लुगोत बघण्यासारखं हेच. हे बघून पुन्हा तटाकडे गेलात, की किती घाईत आणि किती निर्धाराने तो उभा केला असेल ते लक्षात येतं.

वेळ उरला तर प्रांतिक संग्रहालयात समुद्रदेव ओशनसचं मोझेक बघा. मग पोर्ता मिन्यातून नदीवर उतरा. तिथे रोमन पूल आहे आणि गरम पाण्याच्या झऱ्यावरचं रोमन स्नानगृह. ते आता एका हॉटेलच्या आत आहे, म्हणून जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. येताना चढ चांगलाच दमवतो, तेव्हा नदीचा भाग दिवसाच्या शेवटी ठेवू नका.