उपाशी टाकीतले डायनो

श्रोतेहो, नमस्कार. घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळाची टाकी, म्हणजे रीफ टँक, सांभाळणाऱ्यांसाठी आजचं बोलणं आहे. आकडे बरेच येतील, तेव्हा कागद-पेन जवळ असू द्या.

वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. शेंबडासारखे धागे लोंबतात आणि त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. रात्री दिवे बंद झाले की थर बराचसा विरतो, सकाळी वाळू पांढरी दिसते आणि दुपार कलेपर्यंत सगळं पुन्हा हजर. दुकानात विचारलंत तर बहुधा ऐकायला मिळतं, "शेवाळ झालंय, पाणी बदला, खाणं कमी करा." हाच सल्ला अंगाशी येतो.

कारण हे शेवाळ नाही. हे डायनोफ्लॅजेलेट, रीफवाल्यांच्या भाषेत नुसते डायनो. एकपेशीय, स्वतः पोहणारे जीव. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या चमकतात, ती नॉक्टिल्युका याच कुळातली. इतकंच काय, प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी झूझॅन्थेलीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहे. त्यामुळे डायनोंवर जालीम औषध ओतलं की ते प्रवाळाच्या पोटावरही येतं. बाटल्यांच्या मागे लागू नका.

हे येतात कुठे? बहुतेक वेळा फार स्वच्छ टाकीत. कोरड्या, म्हणजे जीव नसलेल्या दगडांवर नव्याने उभी केलेली टाकी, पाण्यातली घाण फेसातून काढणारा मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारे जीएफओ हे लोहाचे दाणे, वर जिवाणू वाढवून नायट्रेट उतरवायला व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब. चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मालक खूश! पण त्या शून्यावर हिरवं शेवाळ, काचेसारख्या कवचाचे सूक्ष्म डायटम आणि दगडावरचे जिवाणू उपाशी पडतात, जागा मोकळी होते. डायनोंपैकी बरेच प्रकाशावर जगतात आणि जोडीला जिवाणूही गिळतात, म्हणून त्यांचं भागतं. आता पाणी बदललंत तर नव्या मिठातून लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं त्यांना मिळतात आणि प्रतिस्पर्धी मात्र उपाशीच राहतात. पाणी बदलल्यावर दोन दिवसांत थर दुप्पट का झाला, याचं कोडं इथे सुटतं.

कोरड्या दगडाऐवजी समुद्रातलाच दगड आणावा, असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. तो दगड प्रवाळांचाच, आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचं पाणी तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

आधी खात्री करून घ्या. थर सर्वांत दाट असतो तेव्हा, म्हणजे दुपारी उशिरा, थोडा थर टाकीच्याच पाण्यासकट छोट्या बरणीत घ्या. जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा धागे जमले, तर डायनो आहेत असं समजा. पण कोणता डायनो हे कळल्याशिवाय पुढचे पैसे खर्च करू नका. शाळा-कॉलेजात असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, 400 पट मोठं दिसलं पाहिजे. काचपट्टीवर एक थेंब, वर कव्हरस्लिप. थेंबाच्या आकाराची पेशी, एक टोक निमुळतं आणि त्या टोकाशी खिळून जागच्या जागी गरगरणारी, ती ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल पेशी, वरच्या बाजूला वाकडी चोच, आणि वाळूच्या कणांमधून सरकणारी, ती ॲम्फिडिनियम. जवळजवळ गोल दिसते ती कूलिया. लंबगोलच, पण चोच नाही आणि मधोमध ठिपका, तर प्रोरोसेंट्रम.

कोणताही निघाला तरी पहिलं काम एकच, टाकीला खायला घालणं. जीएफओ काढा. व्होडका-व्हिनेगर बंद. स्किमर दिवसातून काही तास थांबवा. पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान आणून टिकवायचं आहे. नुसतं माशांचं खाणं वाढवूनही आकडे वर येतात, पण फार सावकाश.

आता मात्रा. टाकीत खरोखर 200 लिटर पाणी आहे असं धरू, दगड-वाळूची जागा वजा करून. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध सोडियम नायट्रेट आणा, खताचं नको. 13.7 ग्रॅम सोडियम नायट्रेट आरओच्या पाण्यात विरघळवून एकूण 100 मिलिलिटर करा. या द्रावणाच्या 10 मिलिलिटरने 200 लिटरमध्ये नायट्रेट 5 पीपीएमने वाढतं. सगळं एकदम नको, रोज 2 ते 4 मिलिलिटर. पोटॅशियम नायट्रेटही चालतं, पण महिनोन्‌महिने घातलं तर पाण्यात पोटॅशियम साठत जातं.

फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट 1.43 ग्रॅम, एकूण 1 लिटर आरओच्या पाण्यात. याच्या 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम फॉस्फेट असतं, म्हणजे 10 मिलिलिटरने 200 लिटर टाकी 0.05 पीपीएमने वर जाते. इथे बरेच जण हात टेकतात. संध्याकाळी घातलं, सकाळी चाचणी पुन्हा शून्य! ते गायब झालेलं नसतं. कोरडा दगड आणि वाळू ते शोषून घेतात, आणि त्यांचं पोट भरेपर्यंत आकडा टिकत नाही. रोज मोजा, रोज घाला. रंग जुळवायच्या पट्ट्यांवर 0.03 आणि शून्य यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून फॉस्फेटला डिजिटल मीटरच लागतो. या सगळ्या खटाटोपात त्या मीटरवरचा खर्च मला सर्वांत सार्थकी लागणारा वाटतो.

ऑस्ट्रिऑप्सिस किंवा कूलिया असेल तर रात्री ती थर सोडून पाण्यात तरंगते, आणि तिथेच यूव्हीच्या, म्हणजे पाण्यातले जीव मारणाऱ्या अतिनील किरणांच्या, दिव्याच्या तावडीत सापडते. 200 लिटरला 18 ते 25 वॅटचा दिवा, आणि त्यातून ताशी 400 ते 600 लिटर पाणी. पंप मुख्य टाकीत ठेवा, पाणी परतही मुख्य टाकीतच सोडा. संपमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, बसवलेला यूव्ही इथे बहुधा वाया जातो. वरचं पाणी खाली पोहोचायलाच वेळ लागतो, तोवर रात्र सरते. 5 वॅटची टाकीत बुडवायची नळी तर फक्त मनाचं समाधान. यूव्ही चोवीस तास चालू ठेवा. सोबत 3 दिवस टाकीचे दिवे पूर्ण बंद करून काचा काळ्या कापडाने झाकल्या तर थर लवकर सुटतो. प्रवाळ एवढं सोसतात, मात्र पाणी खेळतं ठेवणारे पॉवरहेड बंद पडता कामा नयेत.

ॲम्फिडिनियमला यातलं काहीच बाधत नाही. ती रात्री वर येत नाही, वाळूतच दडून बसते. चौथ्या दिवशी कापड काढलं की पुन्हा दर्शन. तिच्याशी जागेसाठी भांडायला डायटम लागतात आणि डायटमला सिलिका लागते, जी आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षारही काढून टाकलेल्या, पाण्यात जवळपास नसतेच. म्हणून सोडियम सिलिकेटचं द्रावण थेंबाथेंबाने घालून सिलिकेट 1 ते 2 पीपीएमवर ठेवतात. आठवड्या-दोन आठवड्यांत वाळू पुन्हा तपकिरी होते आणि जीव घाबरा होतो. बोट फिरवून पाहा. सुटी, कोरड्या धुळीसारखी उडणारी भुकटी निघाली, धागे नसले, तर ते डायटम आहेत आणि तुमचं काम होतंय. खात्रीला सूक्ष्मदर्शक आहेच. प्रोरोसेंट्रमही बहुतांशी पृष्ठभागाला चिकटून राहते, तिच्या बाबतीत यूव्हीवर फार भिस्त ठेवू नका.

थर हाताने काढायचा तो दुपारी उशिरा. बारीक नळीने ओढा, पाणी 5 ते 10 मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून गाळून त्याच टाकीत सोडा, म्हणजे पाणी बदलल्यासारखं होत नाही. आणि श्रोतेहो, नळी तोंडाने ओढून पाणी चालू करायची आपली सवय इथे पूर्ण सोडा. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलीटॉक्सिनच्या जातीची विषं तयार करते. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोव्हाच्या किनाऱ्यावर तिची बेसुमार वाढ झाली, तेव्हा समुद्राच्या तुषारांच्या हवेनेच जवळपास 200 लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन डॉक्टरांकडे जावं लागलं. हातमोजे घाला, खोलीत वारा खेळता ठेवा, दगड ब्रशने घासायचा तर पाण्याबाहेर घासू नका. गोगलगायी पटापट मरू लागल्या तर उरलेल्या दुसऱ्या भांड्यात हलवा. सक्रिय कोळसा टाकीत सतत ठेवा आणि आठवड्याला बदला, विष शोषून घ्यायला तो उपयोगी पडतो.

दुसऱ्या एखाद्या निरोगी, जुन्या टाकीतली मूठभर वाळू मिळाली तर अवश्य घाला. कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीव आणि फायटोप्लँक्टन, म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळ, यांची भर टाका. रिकामी जागा भरून काढणारे जीव हवेत, आणि कोरड्या दगडाच्या टाकीत तेच कमी असतात.

तीन आठवडे ते दोन महिने लागतात. डायनो ओसरताना आधी लालसर सायनोचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा, पापुद्रा येईल, मग काचेवर हिरवा थर, दगडांवर हिरवे केस. इथे हात आवरा. हिरवं दिसताच जीएफओ पुन्हा लावलेल्या टाकीत पंधरा दिवसांत डायनो परततात. हिरवे केस हाताने उपटा, गोगलगायी परत सोडा, फॉस्फेट 0.05 च्या खाली जाऊ देऊ नका. पाणी बदलायला थर गेल्यावर महिन्याने लागा, एका वेळी 5 टक्के. यूव्हीची क्वार्ट्झ नळी दर दोन महिन्यांनी व्हिनेगरने पुसा, आणि दिवा जळत दिसला तरी वर्षाने बदला, कारण तोवर त्याची मारक शक्ती बरीच उतरलेली असते.

नमस्कार.