चुकवलं म्हंजे काय केलं?

राम राम मंडळी, फवारणी आटोपली का? आज एका शब्दावर बोलू, चुकवणे. रस्त्यातला खड्डा चुकवला, पोरानं शाळा चुकवली, सावकाराची नजर चुकवली, म्हंजे समोर आलेलं टाळून बाजूनं निघून गेलो. टॅक्स चुकवला तेही तेच. पण आपल्या विदर्भात चुकवणे म्हंजे फेडणेही होते, देणं देऊन मोकळं होणं. पुन्हा सांगतो, टाळणंही चुकवणं अन् फेडणंही चुकवणं.

आता ऐका. आमच्या गावच्या सोसायटीत कर्जवसुलीसाठी नवे साहेब आले, पुण्याकडचे. एक काका निल दाखला, म्हंजे कर्ज बाकी नसल्याचा कागद, मागाले गेले अन् म्हणाले, "साहेब, म्या कर्ज चुकवलं."
साहेब चमकले, "कर्ज चुकवलंत अन् वर मला सांगता?"
"मंग, लपवू काऊन? गावभर सांगतो मी. माह्या बापानंही चुकवलं, आजानंही चुकवलं, आमच्या घरात कर्ज चुकवल्याबिगर कोनी मेलं नाई."
साहेबांचा आवाज चढला, नोटीस काढतो म्हणाले. काकांचे डोळे भरून आले, "सोयाबीन इकून चुकवलं, मातीमोल भावात इकून चुकवलं, तरी नोटीस?" तवा गटसचिवानं, म्हंजे सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्यानं, खातं उघडलं, बाकी काहीच नाई, सगळा भरणा मार्चच्या आधीच झालेला. साहेब खुर्चीतून उठले, काकांचा हात हातात घेतला, चहा सांगितला अन् दाखला स्वतः लिहून दिला. मले ही गोष्ट लय आवडते, कारण तीन पिढ्यांचा इमान त्या एका शब्दात होता.

कापसाचे चुकारे, धानाचे चुकारे म्हणतो ना आपण, म्हंजे इकलेल्या मालाचे पैसे, तोही याच फेडण्याच्या घरचा शब्द. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हंजे कापूस सरकारलेच इकायचा, तवाही लोक चुकाऱ्याची वाट पाहत बसत. माझं मत विचाराल तर काटा झाला, म्हंजे माल मोजून झाला, की त्याच दिवशी पैसा हातात पाह्यजे, मजुराचे पैसे आपण बाजाराच्या दिवशी देतोच ना, मंग शेतकऱ्यालेच का थांबवता? असो. कामचुकार मात्र टाळणाऱ्या बाजूचा, तिथं फेडण्याचा काही संबंध नाई.

तर पारावर, घरात चुकवलं म्हणा, बिनधास्त म्हणा. लेखी अर्जात मात्र कर्ज फेडलं असंच लिहा, पावती जोडा, अन् ३१ मार्चच्या आत भरलं असेल तर तारीख टाकाच, पीक कर्जावरची पंजाबराव देशमुख व्याज सवलत वेळेत भरणाऱ्यालेच भेटते.