‘मल्याळी पिक्चर’चं बिल कुणाच्या नावावर फाटलं?

नमस्कार मंडळी!

२ ऑक्टोबर, पणजी, सत्संग आणि पावभाजी. एवढं म्हटलं की पुढचं तुम्हीच सांगाल. ‘दृश्यम’. मूळचा मल्याळम, २०१३चा, मोहनलालचा. आज आपण ओटीटीवर सबटायटल लावून मल्याळम सिनेमे बघतो आणि वर घरच्यांना ऐकवतो, ‘कंटेंट बघावा तर यांचा!’ पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे चारचौघांत ‘काल मल्याळी पिक्चर बघितला’ म्हणायची सोय नव्हती. सकाळचा खेळ, हिंदीत डब केलेलं काहीतरी, पोस्टरवर जाड अक्षरांत ‘फक्त प्रौढांसाठी’, आणि तिकीट काढून आत शिरणारा माणूस इकडेतिकडे बघत, रुमालानं तोंड पुसत. घाम आलेला नसताना.

ज्या केरळनं १९६५च्या ‘चेम्मीन’ या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं, जिथं अडूर गोपालकृष्णन यांच्यासारखे दिग्दर्शक घडले, त्या केरळच्या सिनेमाची देशभर ही ओळख कशी झाली? आज तो हिशेब मांडू. पैसे कुणी कमावले आणि शरम कुणाच्या खात्यावर पडली, हा हिशेब.

सुरुवात १९७८पासून करू. आय. व्ही. शशी यांचा ‘अवळुडे रावुकळ’. म्हणजे ‘तिच्या रात्री’. नायिका राजी, देहविक्रय करणारी पोरगी, पाठीमागे एक भाऊ आहे, त्याला शिकवायचंय. सिनेमा गंभीर आहे, बी-ग्रेड अजिबात नाही. एस. जानकींची त्यातली गाणी केरळात आजही ऐकली जातात. पण सर्टिफिकेट ‘ए’ मिळालं, आणि पोस्टरवर नुसता शर्ट घातलेली सीमा, म्हणजे राजी झालेली नटी. तुफान चालला. हिंदीत डब होऊन ‘हर नाइट्स’ या नावानं उत्तरेत फिरला. तिथल्या प्रेक्षकाला राजीच्या भावाच्या शाळेशी काय देणंघेणं? त्यानं पोस्टर बघितलं. वितरकांच्याही लक्षात आलं की केरळचा शिक्का आणि ‘ए’चं सर्टिफिकेट, एवढ्यावर गल्ला भरतो.

पण नुसता तेवढाच माल द्यायचा धंदा उभा राहिला तो दहा वर्षांनी. १९८८, ‘आदिपापम्’. दिग्दर्शक पी. चंद्रकुमार, हा माणूस आधी चारचौघांसारखे कौटुंबिक सिनेमे करायचा. निर्माते आर. बी. चौधरी. कथा थेट बायबलमधली, अॅडम आणि ईव्ह. आता ईव्हला कपडेच नव्हते, त्याला दिग्दर्शक तरी काय करणार! ईव्ह झाली होती अभिलाषा. खर्च साडेसात लाख आणि कमाई अडीच कोटी, असे आकडे सांगितले जातात. असल्या धंद्यात वही कोण दाखवतंय म्हणा, पण निम्मं जरी खरं धरलं तरी डोळे पांढरे व्हावेत.

पुढच्याच वर्षी ‘लयनम्’. निर्माते पुन्हा चौधरी, दिग्दर्शक तुलसीदास, आणि नायिका सिल्क स्मिता. हाच सिनेमा आपल्याकडे ‘रेशमा की जवानी’ नावानं आला. नाव ऐकून काही मंडळी गालातल्या गालात हसताहेत, मला माहीत आहे.

जरा इथं थांबा. या सिनेमांतल्या माणसांचं पुढं काय झालं बघा. चौधरींची ‘सुपर गुड फिल्म्स’ ही तमिळमधली नावाजलेली संस्था झाली, घरी सहकुटुंब बघावेत असे सिनेमे काढणारी. ‘लयनम्’मधला तरुण नंदू आज मल्याळममधला मानाचा चरित्र अभिनेता आहे. २०१२च्या ‘स्पिरिट’मधल्या त्याच्या दारुड्या प्लंबरचं सगळ्यांनी कौतुक केलं. ‘लयनम्’चा डाग त्याला चिकटला नाही, आणि चिकटू नयेच. सिल्क स्मिता मात्र १९९६मध्ये चेन्नईत गेली, आणि तिच्या मरणानंतरही लोक तिच्याबद्दल बोलतात ते डोळा मारूनच.

आता नव्वदच्या दशकात या. केरळात थिएटरांची ए, बी, सी अशी उतरंड होती. मोठ्या शहरातल्या ए वर्गाच्या थिएटरला मोहनलाल-मामुट्टीचा नवा सिनेमा पहिल्या दिवशी. तालुक्याच्या बी थिएटरला काही आठवड्यांनी. आणि खेडेगावातल्या सीला, प्रिंटवर पाऊस पडायला लागल्यावर. पूर्वी हे खपून जायचं. पण १९९३मध्ये एशियानेट ही मल्याळम टीव्ही वाहिनी आली, घरोघरी केबल आली, व्हिडिओ कॅसेटी होत्याच. शिळा सिनेमा बघायला कोण जाणार? बी-सीवाल्यांचे खेळ रिकामे जायला लागले. कित्येकांनी खुर्च्या काढल्या आणि हॉल लग्नकार्याला द्यायला सुरुवात केली. केरळात त्या काळात थिएटराचा ‘कल्याणमंडपम्’ होणं इतकं नेहमीचं झालं होतं की लोक विनोद करायचे.

ज्यांना मंडपवाले व्हायचं नव्हतं त्यांना काय वाचवणार होतं? ‘फक्त प्रौढांसाठी’वाला दुपारचा खेळ. केरळात या सिनेमांना ‘उच्चप्पडम्’ म्हणतात, भर दुपारचा सिनेमा. थोड्या लाखांत, थोड्या दिवसांत, एखाद्या डोंगरावरच्या बंगल्यात चित्रीकरण. स्टार नाही, सेट नाही, परदेशातलं गाणं नाही.

आणि थिएटरात प्रोजेक्टरच्या खोलीत जे चालायचं ते तर आणखीच भारी. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. म्हणजे दोन मिनिटांचा तुकडा झाला एकशे ऐंशी फुटांचा. गुंडाळला तर पिशवीत सहज मावतो. सेन्सॉरकडं जायची ती साधीसुधी प्रिंट. सासू, सून, मळ्याचा मालक, थोडं रडणं, थोडी मारामारी. ‘ए’ सर्टिफिकेट मिळालं की विषय संपला. मग थिएटरात ऑपरेटर ठरलेल्या रिळात हा तुकडा जोडायचा. याला म्हणायचे ‘तुंडु’. तुकड्याचा मूळ सिनेमाशी संबंध असायलाच हवा असं नाही. नायिका वेगळी, खोली वेगळी, कधी कधी तर माणसंच दुसऱ्या देशातली! प्रेक्षकांची तक्रार नसायची. उलट तुकडा लागला नाही तर शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. तपासणीची कुणकुण लागली की तुकडा काढायचा, कातर मारून पुन्हा जोडायचं, सिनेमा परत सोवळ्यात. सर्टिफिकेट मिळालेल्या सिनेमात असा फेरफार करून दाखवणं हा १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या ७व्या कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. गंमत अशी की पडद्यावर जे दिसायचं त्याचा जाब पुष्कळदा नायिकेला विचारला गेला, आणि तिला तर तो तुकडा माहीतही नसायचा.

याच वातावरणात २००० साली ‘किन्नारत्तुंबिकळ’ आला. आर. जे. प्रसाद दिग्दर्शक, आणि नायिका शकीला. बारा लाखांचा सिनेमा, चार कोटींची कमाई, असं म्हणतात. पुढची काही वर्षं केरळात ‘शकीला तरंगम्’, म्हणजे शकीलाची लाटच. आडव्या बांध्याची, गोल चेहऱ्याची बाई, नटीच्या कुठल्याच साच्यात न बसणारी, आणि तिच्या नावावर थिएटरं भरताहेत. बड्या नटांचे सिनेमे तिच्यासमोर तारखा बदलायचे, असं केरळात आजही रंगवून सांगतात. त्यात तिखटमीठ असेल. पण बी आणि सी थिएटरांत कुणाचा सिनेमा लावायचा असं विचारलं असतं तर मालकानं काय उत्तर दिलं असतं, यात मला तरी शंका नाही. ऑपरेटरचा पगार, पोस्टर चिकटवणाऱ्याची मजुरी, बाहेरच्या चहावाल्याची उधारी, सगळं त्या गल्ल्यातून निघत होतं.

शकीलानं नंतर मुलाखतींत सांगितलं की अशा कित्येक दृश्यांत तिच्या जागी दुसरीच मुलगी उभी केली जायची. म्हणजे चेहरा एकीचा, अंग दुसरीचं, तुकडा तिसऱ्याच सिनेमाचा, आणि बदनामी सगळी पहिलीच्या नावावर जमा.

लाट ओसरायला फार वेळ लागला नाही. व्हीसीडी आल्या, सायबर कॅफे आले, मग मोबाईल. जे खिशात मिळतंय त्यासाठी तोंड लपवून थिएटरात कोण जाईल? २०१३मध्ये के. आर. मनोज यांनी ‘कन्यका टॉकीज’ नावाचा सिनेमा केला, त्यात गावातलं असलंच एक थिएटर चर्चच्या ताब्यात जातं आणि तिथं प्रार्थना सुरू होतात. जमलं तर बघा.

शकीला तमिळमध्ये विनोदी भूमिका करायला लागली. २००७मध्ये ‘छोटा मुंबई’त मोहनलालच्या सिनेमात ती शकीला म्हणूनच आली. ‘कुकू विथ कोमाळी’ या तमिळ कार्यक्रमात तिनं स्वयंपाक केला, अंतिम फेरीपर्यंत गेली, आणि लोक तिला ‘अम्मा’ म्हणायला लागले.

आणि तरीही. नोव्हेंबर २०२२, कोळिकोड. ओमर लुलू या दिग्दर्शकाच्या नव्या सिनेमाचा ट्रेलर एका मॉलमध्ये दाखवायचा होता, पाहुणी शकीला. ऐनवेळी मॉलनं कार्यक्रमाला नकार दिला. मॉलचं म्हणणं सुरक्षेचा प्रश्न होता. दिग्दर्शकाचं म्हणणं शकीला नसती तर परवानगी मिळाली असती. कार्यक्रम झालाच नाही. शकीला म्हणाली की तिला हे काही नवीन नाही.

बरं, आता तुमच्यावर सोडतो. तुमच्या गावात सकाळच्या खेळाला ‘मल्याळी’ लावणारं थिएटर कुठलं होतं, आणि आज तिथं काय आहे? मंगल कार्यालय, मॉल, की नुसतं कुलूप? कमेंटमध्ये थिएटरचं नाव लिहा. स्वतःचं नाही लिहिलं तरी चालेल.